रेघेपलीकडचा सूर

नांग एपांग तिसऱ्यांदा चुकल्या तेव्हा माम लुदिवीनांनी पेन्सिल वहीवर आपटली नाही, नुसती आडवी ठेवली. शाळेत त्यांच्या हाताखाली शिकलेल्या सगळ्यांना त्याचा अर्थ माहीत होता, आणि आमच्या गायकवृंदातले सगळेच त्यांच्या हाताखाली शिकलेले होते.

चूक काय होती, ते नीट सांगते. साम्बागानच्या आमच्या चॅपलमध्ये सान रोके या संताचा सण सोळा ऑगस्टला असतो आणि त्याआधी नऊ संध्याकाळी नवेना. रोजच्या प्रार्थनेच्या शेवटी गोसोस म्हणतात: एकीनं कडवं गायचं, बाकीच्यांनी ध्रुवपद, अशी सात कडवी. प्रत्येक कडव्याआधी गिटारवर तीन कॉर्ड वाजतात: जी, डी, ई मायनर. प्रत्येकाला चार ठोके. ई मायनरच्या दुसऱ्या ठोक्यावर गाणारीनं तोंड उघडायचं. नांग एपांग (वडीलधारीला आम्ही नांग म्हणतो, वडीलधाऱ्याला नोंग) एकतीस वर्षं हे करत आल्या होत्या. यंदा मात्र त्या ठोक्यावर त्या गप्प राहायच्या, मग घाईनं आत शिरायच्या, आणि शिरायच्या त्या भलत्याच सुरात.

गिटार मी वाजवत होते.

"नांग, वय कुणाला चुकलंय?" माम लुदिवीना म्हणाल्या. "सहा तारखेला शेवटची तालीम. तेव्हा जमलं तर उत्तम. नाहीतर कडवी क्रिस्टेल म्हणेल. तुम्ही ध्रुवपदाला आमच्याबरोबर उभ्या राहा."

"ध्रुवपदाला काय, कुत्रीसुद्धा उभी राहतात," नांग एपांग म्हणाल्या.

यात अतिशयोक्ती नव्हती. सान रोकेच्या मूर्तीच्या पायाशी कुत्रा असतो, म्हणून आमच्या चॅपलमधून कुत्र्यांना कुणी हाकलत नाही, आणि ध्रुवपद सुरू झालं की त्यांतलं एखादं खरंच उठून उभं राहतं. पण त्या दिवशी कुणी हसलं नाही.

परत येताना मी नांग एपांगच्या मागून चालत होते. त्यांच्या हातात नारळाच्या कोवळ्या पात्यांची मोळी होती. त्या वळल्या नाहीत, पण बोलल्या माझ्याशीच; पोरींना त्या दाय म्हणतात.

"दाय, तुला माहितीये ना मी का गाते?"

"नवस आहे म्हणून."

"माझा बुदोय चार वर्षांचा होता. अकरा दिवस ताप. डॉक्टरनं हात टेकले. मी सान रोकेला म्हटलं, हा पोरगा उठून बसू दे, आवाज आहे तोवर दर वर्षी नऊच्या नऊ दिवस तुझी कडवी मी म्हणेन. बाराव्या दिवशी पोरानं भात मागितला." त्यांनी मोळी दुसऱ्या काखेत घेतली. "आवाज गेला असता तर गोष्ट वेगळी होती. नवस आपोआप सुटला असता. पण आवाज आहे आणि जागा नाही, असलं कलम मी घातलंच नव्हतं."

सहा तारखेला बारा दिवस होते.

मी सेबू शहरातल्या कॉलेजातून भौतिकशास्त्राची पदवी घेऊन एप्रिलमध्ये गावी आले होते आणि शिक्षकांच्या परीक्षेच्या निकालाची वाट बघत होते. आधीचे गिटारवाले, नोंग तास्यो, यांना नाताळानंतर लकव्याचा झटका आला होता आणि त्यांचा डावा हात गेला होता. पाच महिने चॅपलची गिटार खुंटीवरच होती. मला चार कॉर्ड येतात असं कळल्यावर माम लुदिवीनांनी ती माझ्या गळ्यात घातली. म्हणजे बदललेली गोष्ट उघड होती. नांग एपांग त्याच, गोसोस तोच, चॅपल तेच. बदलले होते फक्त गिटारवाले. तरीही सगळे त्यांच्या वयाबद्दल बोलत होते, आणि मलाही तेच सोयीचं होतं, हे कबूल करते.

गायकवृंदातल्या बायकांचा एक अंदाज होता. तास्यो म्हणे बरोबर वेळेला नांग एपांगकडे बघून मान हलवायचे. मी पुढच्या तालमीला मान हलवली. काहीच फरक पडला नाही. पुन्हा हलवली, जरा जोरात.

"तुझ्या मानेला काय झालंय?" तालीम संपल्यावर नांग एपांगनी विचारलं.

"तुम्हाला खूण करत होते. नोंग तास्यो करायचे तशी."

"मी डोळे मिटून गाते. तास्योची मान बघायला मी एकतीस वर्षं चॅपलमध्ये गेले नाही."

"मग कुठे सुरू करायचं ते तुम्हाला कसं कळायचं?"

 त्या म्हणाल्या, "कळायचं."

हे उत्तर मला आवडलं. माहीत नसताना माहीत असल्याचं सोंग त्यांनी केलं नव्हतं. त्यांना खरोखरच ठाऊक नव्हतं, म्हणजे शोधून काढण्यासारखं काहीतरी होतं.

दुसऱ्या दिवशी मी त्यांच्या स्वयंपाकघरात जाऊन बसले. त्या पात्यांचे चौकोनी डबे विणत होत्या. त्यांत तांदूळ भरून उकळला की पुसो होतो. सणाला चारशे तरी लागतात. त्यांची बोटं इतकी भरभर चालत होती की कोणतं पातं कुठून गेलं ते मला दिसत नव्हतं. फळीवर त्यांचा फोन वाजला. बारीक, किणकिणणारा आवाज. त्यांनी मान वर केली नाही.

"नांग, फोन."

"हं?" त्या म्हणाल्या आणि विणत राहिल्या. फोन वाजून वाजून थांबला.

थोड्या वेळानं त्यांनी एकदम हात थांबवला. "बुदोय आला. चुलीवर पाणी ठेव."

मला काहीच ऐकू आलं नव्हतं. मी पाणी ठेवलं, बाहेर किनाऱ्यावर गेले. समुद्रावर तीन-चार ठिपके होते. मी घड्याळ बघून मोजू लागले. दोन मिनिटं वीस सेकंदांनी मोटारीच्या होडीची भकभक माझ्या कानावर आली, आणि ती बुदोयचीच होती.

परत येताना माझ्या डोक्यात एक समीकरण जुळत होतं. वय झालं की कानातून आधी बारीक, उंच आवाज जातात. जाड, खालचे आवाज टिकतात. फोन ऐकू येत नाही, इंजिन ऐकू येतं. म्हणजे नांग एपांग गिटार ऐकत असतील तर खालून ऐकत असणार. मग प्रश्न असा होता: नोंग तास्यो खालच्या तारांवर असं काय वाजवायचे जे मी वाजवत नव्हते?

उत्तर कागदावरच होतं, आणि दोन महिने मी त्याच्याकडे बघत होते.

गोसोसचा कागद म्हणजे झेरॉक्सची झेरॉक्स. त्यावर नोंग तास्योंनी निळ्या पेनानं कॉर्ड लिहिले होते. पहिला जी. तिसरा ई मायनर. मधला मात्र नुसता डी नव्हता. डी, मग एक तिरकी रेघ, आणि रेघेपलीकडे एफ शार्प. ती रेघ मला दिसत होती. तिचं काय करायचं हेही मला शिकवलेलं होतं. सेबूला आमच्या खोलीत नेस्सा नावाची मुलगी राहायची, कॉलेजच्या बँडमध्ये वाजवायची. तिनंच मला कॉर्ड शिकवले. रेघेबद्दल तिचा नियम सोपा होता: रेघेआधीचं आपलं, रेघेनंतरचं बेसवाल्याचं. बँडमध्ये ते ठीकच आहे. चार जाड तारांची बेस गिटार घेतलेला माणूस तिथे शेजारी उभा असतो, खालचा सूर तो सांभाळतो.

पण आमच्या चॅपलमध्ये बेसवाला नाही. कधीच नव्हता. पुढच्या तीन गावांच्या चॅपलमध्येही नाही, आणि तिथली मुलंमुलीही नेस्साच्याच नियमानं वाजवतात, हे मी नंतर विचारून घेतलं. जो माणूस जेवायला येणारच नव्हता, त्याचा वाटा आम्ही सगळे इमानानं झाकून ठेवत होतो.

तरी माझं पूर्ण समाधान झालं नाही. डी कॉर्डमध्ये एफ शार्प असतोच. अगदी बारीक, पहिल्या तारेवर, मानेवरच्या दुसऱ्या पट्टीत बोट दाबलं की तोच सूर. मी तो प्रत्येक वेळी वाजवत होते. तोच सूर सहाव्या, सगळ्यांत जाड तारेवर पुन्हा वाजवून काय मोठा फरक पडणार? साखर वरून भुरभुरली काय नि तळाशी टाकली काय, चहा तोच. निदान मला तसं वाटत होतं.

म्हणून मी कॉर्ड बाजूला ठेवून नुसती जाड तार घेतली. जी कॉर्डचा खालचा सूर त्या तारेवर तिसऱ्या पट्टीत आहे. एफ शार्प दुसऱ्या पट्टीत. ई म्हणजे तीच तार मोकळी. तीन, दोन, मोकळी. एका बोटाचं काम. वाजवल्यावर ऐकू आलं ते असं: कुणीतरी शेजारशेजारच्या पायऱ्या उतरत खाली येतंय, आणि खाली पोचल्यावर थांबून वर बघतंय. मग मी माझ्या पद्धतीनं वाजवलं, साध्या डीनं. आता खालचा सूर जीवरून एकदम वर उडायचा आणि तिथून धपकन ईवर पडायचा. उतरणं नाहीच. सूर तेवढेच, पण वाट वेगळी. हे दोन महिने माझ्या कानाला कसं जाणवलं नाही, याचं मला जास्त आश्चर्य वाटलं.

संध्याकाळी गिटार आणि एक पेसोचं नाणं घेऊन मी पुन्हा नांग एपांगच्या स्वयंपाकघरात.

"आज मी नाणं उडवणार. छापा आला तर एका पद्धतीनं वाजवणार, काटा आला तर दुसऱ्या. तुम्ही फक्त गायचं. कुठली पद्धत आहे ते सांगणार नाही."

"गोसोस आहे की पोलीस चौकशी?"

"बारा वेळा फक्त."

"बारा वेळा गाऊन नंतर माझे डबे कोण विणणार?"

"मी."

"तुझ्या डब्यातून तांदूळ गळेल," त्या म्हणाल्या, पण डोळे मिटले.

छापा सात वेळा आला. सातही वेळा मी फक्त जाड तार वाजवली, एका बोटानं, बाकी काही नाही, आणि सातही वेळा नांग एपांग बरोबर ठोक्यावर, बरोबर सुरात आल्या. काटा पाच वेळा आला, तेव्हा मी नेहमीसारखं साध्या डीनं वाजवलं. त्या पाचांत त्या एकदा बरोबर आल्या, चारदा नाही. बारावी वेळ झाल्यावर मी वहीत बघत राहिले. नांग एपांगनी एक डोळा उघडला.

"पास का नापास?"

"तुम्ही पास," मी म्हटलं. "नापास मी."

मग मी त्यांना तीन, दोन, मोकळी असं पुन्हा वाजवून दाखवलं आणि म्हटलं, हे ऐकून तुम्ही येता. त्यांनी मला ते पाच-सहा वेळा वाजवायला लावलं. शेवटी विणताविणता स्वतःशीच गुणगुणल्या, जड, पुरुषी आवाजात. "असं आहे होय ते," त्या म्हणाल्या. एकतीस वर्षं वापरलेली वस्तू पहिल्यांदा उजेडात धरून बघावी तसा त्यांचा चेहरा झाला होता.

एका तारेवर गोसोस चालणार नव्हता. वीस माणसं गाणार, त्यांना भरलेला कॉर्ड हवा. म्हणजे डी तर वाजलाच पाहिजे आणि त्याच वेळी खाली एफ शार्पही. नेहमीच्या डीला माझी तीन बोटं बारीक तारांवर अडकलेली. चौथं, करंगळी, जाड तारेपर्यंत पोचत नाही. मी नोंग तास्योंकडे गेले.

झटक्यानंतर ते चॅपलला आलेच नव्हते. घरासमोर अर्धवट राहिलेली एक होडी पालथी पडली होती. ते होड्या बांधायचे. ते तिच्याच सावलीला बसले होते, डावा हात मांडीवर ठेवलेला.

"शिपायासारखी उभी का? बस. माझी गिटार घेतलीस म्हणे."

"चॅपलची आहे ती, नोंग."

"तेच ते. वाजव, बघू काय हाल केलेस तिचे."

मी माझ्या पद्धतीनं वाजवलं. ते ऐकून त्यांनी मान तिरकी केली. मग मी सगळं सांगितलं: नेस्साचा नियम, नाणं, सात आणि पाच. ते इतके हसले की खोकला लागला.

"बेसवाला? साम्बागानमध्ये? त्या रेघेच्या पलीकडे मी राहतो गं बाई."

"मग तुम्ही कसं वाजवायचात ते दाखवा ना."

"दाखवायला हात कुठाय? अंगठ्यानं. मानेच्या वरून अंगठा आणायचा नि जाड तार दाबायची. बाकी डी जसा आहे तसा."

मी प्रयत्न केला. चॅपलच्या गिटारची मान सव्वापाच सेंटिमीटर रुंद आहे. माझा अंगठा वरून येऊन जाड तारेला जेमतेम शिवत होता. दाबायला गेलं की बाकीची बोटं उठत होती. नोंग तास्योंनी माझा अंगठा उलटसुलट करून बघितला.

"हा अंगठा आहे की मासळीचा काटा? थांब."

ते सरकून माझ्यासमोर आले आणि उजव्या हाताचा, चांगल्या हाताचा अंगठा त्यांनी वरून जाड तारेवर ठेवला, दुसऱ्या पट्टीत. "आता तुझा डी धर. वाजव."

मी वाजवलं. दोन माणसांच्या हातांनी धरलेला एक कॉर्ड. लाकडाची थरथर माझ्या बरगड्यांपर्यंत आली. डी होता, पण जमिनीवर उभा नव्हता. एका बाजूला कललेला, पुढच्या पावलासाठी वजन टाकलेला. त्यानंतर ई मायनर वाजवल्यावर तो कल सुटला. आम्ही दोघांनी तेच चार वेळा केलं.

"हा," नोंग तास्यो म्हणाले. त्यांनी अंगठा काढला नाही. "पण मी काही रोज चॅपलमध्ये तुझ्यासमोर उकिडवा बसणार नाही."

मग मी हिशेब मांडला. करंगळीत जोर नाही म्हणून ती सोडली, तर तीन बोटं आहेत. दाबायला चार तारा आहेत. एक सोडायला हवी. कोणती? पहिल्या तारेवर एफ शार्प आहे, सहाव्या तारेवरही एफ शार्प. खालची तार सेकंदाला साधारण साडेब्याण्णव वेळा कापते, वरची तीनशे सत्तर वेळा. बरोबर चौपट. कान चौपटीला तोच सूर मानतो. म्हणजे दोन्हीकडे तोच माणूस उभा आहे, तर वरचा सोडला तरी कॉर्डमधलं काही हरवत नाही. पहिलं बोट जाड तारेवर, मधलं तिसऱ्या तारेवर, अनामिका दुसऱ्या तारेवर. मधल्या दोन तारा मोकळ्या. पहिली, बारीक तार वाजवायचीच नाही.

नोंग तास्योंना हे पटलं नाही. "छप्पर काढून जोतं बांधतेस."

"पाऊस येईल तेव्हा बघू."

"तुमच्या शास्त्रात वरचं नि खालचं एकच असेल. होडीत नसतं."

पण दुसरा मार्ग त्यांच्याकडेही नव्हता. जीवरून या कॉर्डवर जायला त्यांनी मला एक गोष्ट दाखवली जी मला सुचली नसती. जी धरताना माझं पहिलं बोट पाचव्या तारेवर, दुसऱ्या पट्टीतच असतं. त्याला उचलून उडी मारायची नाही, पट्टी तीच, फक्त एक तार ओलांडायची. "शेजारणीकडे जाताना कुणी छत्री घेतं का?" ते म्हणाले. "तसं जा."

मी रोज मोजलं. एका मिनिटात किती वेळा जीवरून तिथे जाते, आणि त्यांतल्या किती वेळा जाड तार स्वच्छ बोलते. पहिल्या दिवशी नऊ, त्यांतल्या दोन. बाकीच्या वेळा नुसता ठप्प आवाज, ओल्या लाकडावर बोट मारल्यासारखा. चूक बहुधा एकच असायची: बोट पट्टीपासून लांब पडायचं, किंवा झोपायचं आणि शेजारच्या मोकळ्या तारेचं तोंड दाबायचं. चौथ्या दिवशी एकवीस, त्यांतल्या तेरा. बोटाच्या टोकाला एक आडवी खाच पडली, जाड तारेच्या रुंदीची. पाच तारखेला तीस, त्यांतल्या सव्वीस.

गोसोसच्या लयीला मिनिटाला सोळा पुरतात, त्यामुळे वेगाची काळजी नव्हती. खात्रीची होती. तिसात सव्वीस म्हणजे शंभरात सत्याऐंशी, ऐकायला छान. पण कडवी सात. सातही वेळा बरोबर येण्याची शक्यता काढली तर सदतीस टक्के. मी ते नोंग तास्योंना सांगितलं.

"सदतिसावर मी होडी पाण्यात लोटली नसती."

"तुमची किती असायची?"

"मी मोजत नव्हतो. बुडायची तेव्हा कळायचं."

सहा तारखेच्या तालमीला नोंग तास्यो आले. शेवटच्या बाकावर, कुत्र्याशेजारी बसले. क्रिस्टेल गोसोसचा कागद छातीशी धरून उभी होती. ती गुणी मुलगी आहे, तिनं माझ्याकडे बघणं टाळलं. माम लुदिवीनांनी पेन्सिल हातात घेतली.

"सातही कडवी," त्या म्हणाल्या. "मधे थांबायचं नाही."

नांग एपांगनी डोळे मिटले.

जी. मग पहिलं बोट शेजारच्या तारेवर, छत्री न घेता. जाड तार बोलली. ई मायनर. एक, आणि दोनवर नांग एपांगचा आवाज आला, उंच, थोडा खरखरीत, जिथे यायला हवा तिथे. ध्रुवपदाला एक कुत्रं उठलं. दुसरं कडवं. तिसरं. चौथं. मी तार सोडून दुसरं काहीही ऐकत नव्हते. माम लुदिवीनांची पेन्सिल हवेत होती.

पाचव्याला बोट झोपलं. मला ते दाबतानाच कळलं. ठप्प. चार ठोके मी तो मुका कॉर्ड ओढला, कारण मधे थांबायचं नव्हतं. आता त्या गप्प राहणार, मग घाई करणार, मग क्रिस्टेल.

तेवढ्यात माझ्या डावीकडून एक सूर आला. जड, खालचा, पुरुषी. नांग एपांगचे डोळे मिटलेलेच होते, ओठही मिटलेले. तो एफ शार्प होता. ई मायनर आल्यावर त्या गुणगुणतच एक पायरी खाली उतरल्या, एक ठोका थांबल्या, आणि मग तोंड उघडून आपल्या नेहमीच्या उंच आवाजात पाचवं कडवं सुरू केलं, जणू एकतीस वर्षं त्या असंच करत होत्या.

सहावं आणि सातवं माझ्या बोटानं निभावलं.

ध्रुवपद संपलं. माम लुदिवीनांनी चष्मा काढला. "पाचव्याला ते काय होतं?"

"दाय मागे राहिली," नांग एपांग म्हणाल्या. "तिच्यासाठी थांबले असते तर सातवं नाताळात म्हणावं लागलं असतं."

माम लुदिवीनांनी वहीत काहीतरी खोडलं, काहीतरी लिहिलं. "पांढरा ब्लाउज इस्त्री करून ठेवा, नांग. उद्यापासून नवेना आहे." मग क्रिस्टेलकडे वळून म्हणाल्या, "तू यांच्या शेजारी उभी राहा. आणि कान उघडे ठेव, नुसतं तोंड नको." क्रिस्टेलनं सोडलेला श्वास मला दोन बाकांवरून ऐकू आला.

बाहेर पडताना नोंग तास्यो दारात उभे होते. "सातात सहा," ते म्हणाले. "पहिल्या वर्षी माझे चार होते." मग घाईनं म्हणाले, "मोजत नव्हतो. ही मोजायची." त्यांनी हनुवटीनं नांग एपांगकडे दाखवलं.

आम्ही दोघी किनाऱ्याच्या वाटेनं निघालो. मला फार बरं वाटत होतं, आणि त्या बऱ्या वाटण्यात माझ्या समीकरणाचा मोठा वाटा होता. बारीक आवाज गेले, जाड टिकले, म्हणून खालचा सूर. शाळेत नोकरी लागली तर मुलांना सांगण्यासारखं उदाहरण होतं.

"दाय," नांग एपांग म्हणाल्या, "एक विचारू? रागावणार नसशील तर."

"विचारा."

"तो मधला कॉर्ड. खालून बरोबर आहे आता. पण वरून बोडका का वाटतो? तास्यो वाजवायचा तेव्हा वर काहीतरी बारीकसं चमकायचं. तुझ्यात ते नाही."

मी जागच्या जागी थांबले. पहिली तार. जी मी वाजवत नव्हते.

"तुम्हाला ती ऐकू येते?"

"न यायला काय झालं?"

"बारीक आवाज तुम्हाला ऐकू येत नाहीत ना, नांग. त्या दिवशी फोन वाजत होता, तुम्ही मानसुद्धा वर केली नाही."

"अगं, ती किणकिण फक्त माझ्या नणंदेची," नांग एपांग म्हणाल्या. "दर सणाला फोन करते नि शंभर पुसो मागते. तिचा फोन मी गेल्या चार वर्षांत ऐकलेला नाही."

आणि त्या पुढे चालू लागल्या. मी मागे उभी राहून बोटावरच्या खाचेकडे बघत होते. सात आणि पाच हे आकडे खरे होते. बाराही वेळा मी तिथेच होते. फक्त ते खरे का होते, हे आता मला माहीत नव्हतं. वरचा आणि खालचा सूर दोन्ही नीट ऐकू येणारी बाई वरच्या सुरावर का आली नाही, खालच्यावरच का आली? की त्यांना सूर नव्हे, उतरणंच हवं होतं? नाण्यानं हे विचारता येईल का, आणि कसं?

"नांग," मी हाक मारली, "नवेना संपली की तुमच्या स्वयंपाकघरात अजून बारा वेळा गाल का?"

"आधी मागच्या बारा वेळांचे डबे विणून दे," त्या पुढूनच म्हणाल्या.

मी धावत त्यांना गाठलं. चालता चालता डाव्या हाताची चारही बोटं हवेत धरून बघत होते: पहिलं जाड तारेवर, मधलं तिसऱ्या, करंगळी दुसऱ्या, आणि अनामिका अगदी खाली, त्या बारीक तारेवर. ताणत होतं, पण पोचत होतं.